सहा ग्रॅमची शिफारस

"या जगात खरी अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे वजन. बाकी सगळी मतं," असं बाबांनी सकाळी साडेसातला जाहीर केलं, आणि खुर्ची ओढून ते आपल्याच चष्म्यावर बसले.

काडी मोडली. आईने शिवणाच्या डब्यातून दोरा काढून ती जागच्या जागी बांधून दिली. "माझं आपलं एक मत," ती म्हणाली, "चष्मा डोळ्यांवर ठेवलेला बरा."

बाबा चौतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदारांच्या तराजूंना आपोआप सद्बुद्धी सुचायची. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना काचेच्या पेटीतला एक जुना तराजू भेट दिला होता. तो इतका नाजूक, की समोर कुणी सुस्कारा टाकला तरी काटा हलायचा. त्यामुळे त्या घरात सुस्कारे टाकायची सोय राहिली नव्हती. आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर. तीस वर्षं तिने लोकांची बोलणी जोडून दिली आणि त्यातलं एक अक्षरही ऐकलं नाही, असं ती अजून शपथेवर सांगायची. न ऐकता तिला गावातलं सगळं माहीत होतं, एवढंच.

आज तो तराजू जेवणाच्या टेबलावर होता आणि त्याच्या शेजारी धाकटीची सात बंद पाकिटं रांगेने मांडलेली होती.

धाकटी म्हणजे सव्वीस वर्षांची बाई. पण घरातली नावं वयाबरोबर वाढत नाहीत. एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत ती तीन वर्षं नोकरी करत होती आणि आता तिला त्याच संस्थेच्या आठ वर्षांच्या जोडअभ्यासक्रमाला जायचं होतं. त्यातून माणूस एकदम दोन्हीकडून डॉक्टर होऊन बाहेर पडतो, रोग्याला तपासणाराही आणि संशोधन करणाराही. "म्हणजे आजारी माणसाला बरं करायचं की त्याच्यावर निबंध लिहायचा?" असं आईने पहिल्या दिवशी विचारलं होतं. "दोन्ही," धाकटी म्हणाली. "आधी काय?" "आधी बरं करायचं." "मग हरकत नाही," आई म्हणाली होती.

जागा बारा. गेल्या वर्षी तिला नकार आला होता आणि पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते याच खेपेला. परीक्षेचे गुण झाले, अर्ज झाला, राहिली होती शिफारसपत्रं. आणि त्यांचा नियम असा की ऐकणाऱ्याने एकदा कान साफ करून यावेत.

शिफारस करणाऱ्याला संस्थेचा पत्रकक्ष आपलं छापील पाकीट द्यायचा. त्याने पत्र लिहून, पाकीट चिकटवून, जोडावर आडवी सही ठोकून ते परत करायचं. उमेदवाराने ती बंद पाकिटं ताब्यात घ्यायची, त्यातली तीन स्वतः निवडायची आणि अर्जासोबत खिडकीवर द्यायची. मात्र एकही उघडायचं नाही. पत्र कधीही वाचणार नाही अशी सही धाकटीने आधीच दिली होती. थोडक्यात, काय लिहिलंय ते न बघता, त्यातलं उत्तम लिहिलेलं निवडायचं. हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात कधीतरी कलिंगड विकत घेतलं असावं.

"म्हणून म्हणतो, वजन," बाबा चिमट्याने पितळी वजनं मांडत म्हणाले. "आत काय लिहिलंय ते नाही कळणार, पण किती लिहिलंय ते कळेल. सोळा कागदांचा एक चौरस मीटर होतो आणि तो भरतो ऐंशी ग्रॅम. म्हणजे एक कागद पाच ग्रॅम. याला म्हणतात शास्त्र."

"आणि पाकीट?" आईने विचारलं.

बाबांनी हातातलं वजन परत ठेवलं. निरीक्षकाला बायकोने चूक दाखवणं हा त्यांच्या घरातला जुना रिवाज होता. सुदैवाने धाकटीजवळ पत्रकक्षाचं एक वापरायचं राहिलेलं पाकीट होतं. ते पारड्यात ठेवलं. सहा ग्रॅम.

मग एकेक पाकीट पारड्यात चढलं. पहिलं होतं संस्थेच्या संचालकांचं. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. तीन वर्षांत ते धाकटीशी एकदाच बोलले होते, ते म्हणजे लिफ्टमध्ये, "कितवा मजला?" त्यांचं पाकीट भरलं एक्केचाळीस ग्रॅम.

"सात कागद," बाबा हळूच म्हणाले. त्यांनी मान तुकवली, जशी ते फक्त पूर्ण मापाच्या पोत्यापुढे तुकवत. "बघ. मोठा माणूस तो मोठाच."

रुग्णालयातल्या वॉर्डच्या मॅडमचं पाकीट अकरा ग्रॅम, म्हणजे एक कागद. मॅडम बोलायच्याही तेवढंच. रसायनाच्या प्राध्यापकांचे दोन कागद, रक्तपेढीच्या प्रमुखांचे दीड. ("अर्धा कागद फाडून घेतलाय, काटकसरी माणूस.") असं करत करत शेवटचं पाकीट उरलं. ते होतं नळीसरांचं.

नळीसर म्हणजे धाकटीचे मार्गदर्शक. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, बाकी कुठे नाही. ज्याला संशोधनात चोख म्हणतात तसा माणूस. कुठलाही प्रयोग असो, त्यांच्या मांडणीत शेवटची नळी रिकामी असायची. रिकामी म्हणजे तिच्यात सगळी द्रव्यं घालायची, फक्त ज्याची तपासणी करायची तो नमुना तेवढा नाही. ती ब्लँक. यंत्राने ब्लँकमध्येही काही दाखवलं, तर समजायचं की ते नमुन्याचं नाही, नळीचंच आहे. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की चहा पितानाही ते शेजारी एक कप नुसतं गरम पाणी घेऊन बसत, चव चहाची आहे की कपाची हे ताडून बघायला. धाकटी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होती. अर्जातल्या तीनपैकी सक्तीचं असं एकच पत्र होतं आणि ते मार्गदर्शकाचं. बाकी दोन ती निवडणार होती. हे तर जाणारच होतं. त्याचं वजन करायचं ते फक्त मन भरायला.

बाबांनी ते पारड्यात ठेवलं. सहा ग्रॅम.

त्यांनी चष्मा सारखा केला. चिमट्याने एक वजन उचललं, फुंकर मारली, परत ठेवलं. सहा.

मग त्यांनी सगळी वजनं उतरवली. डाव्या पारड्यात नळीसरांचं पाकीट ठेवलं आणि उजव्यात ते कोरं, वापरायचं राहिलेलं पाकीट. दांडी एकदा इकडे, एकदा तिकडे झाली आणि बरोबर आडवी थांबली. काटा मध्यावर.

चौतीस वर्षांत बाबांनी खोटी मापं शेकड्याने पकडली होती, पण इतकं अचूक माप बघून त्यांनी चिमटा खाली ठेवलेला घरच्यांनी प्रथमच पाहिला.

"आत काही नाहीये," ते म्हणाले.

धाकटीने पाकीट उचलून उजेडात धरलं. आतून करड्या अस्तराचं पाकीट, त्यातून सूर्यही दिसला नसता. तिने ते हलवून पाहिलं. जोडावर सही मात्र झोकदार होती, शेवटचा फराटा पाकिटाच्या कडेपर्यंत गेलेला.

"घालायचं विसरले असतील," आई म्हणाली.

"सर विसरत नाहीत. ते नळ्यांना नंबर घालून मग नंबरांना नंबर घालतात."

"मग तुझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही..." बाबा बोलता बोलता थांबले. आईने टेबलाखालून काय केलं ते दिसलं नाही, पण काटा हलला.

"पाच वाजता खिडकी बंद होते," आई म्हणाली. "आत्ता आठ वाजलेत. तोंडात बोट घालून बसलीस तर ते बोट तोंडातच राहील. जा आणि विचार."

नळीसर प्रयोगशाळेत होते. एका हाताने नळ्यांत थेंब सोडत होते. धाकटीने पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं.

"सर, हे रिकामं आहे."

त्यांचा हात थांबला. त्या हाताला धाकटीने तीन वर्षांत आगीचा भोंगा वाजतानाही थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"उघडलंस?"

"वजन केलं."

"किती दशांशापर्यंत?"

"दोन."

"तुलनेला कोरं पाकीट घेतलं होतंस?"

"हो, सर."

"शाबास," नळीसर म्हणाले, आणि खरंच खूश झालेले दिसले. "अकरा वर्षांत हे कुणाला सुचलं नाही."

धाकटीच्या मनात 'अकरा' हा शब्द जरा वेळ नुसताच फिरत राहिला. तोवर सरांनी खण उघडून एक काळी वही काढली होती. सगळं सांगताना त्यांचा आवाज, एखादा माणूस हवामान सांगतो, तितका सपाट होता.

दर वर्षी त्यांच्या विभागातून सहाजण त्या अभ्यासक्रमाला अर्ज करत. सहाही जणांसाठी सर चार चार पानं लिहीत. त्यासाठी दोन महिने त्यांची झोप जायची. अकरा वर्षांपूर्वी एकदा त्यांच्या मनात आलं, की ही पत्रं कुणी वाचतं तरी का? आता अशी शंका आल्यावर साधा माणूस फोन करून विचारतो. नळीसर साधा माणूस नव्हते. त्यांनी फासा टाकला. ज्याचा आकडा पडला, त्याचं पाकीट रिकामं चिकटवलं, सही केली आणि पाठवून दिलं. तेव्हापासून दर वर्षी पाच पाकिटं भरलेली, एक ब्लँक.

"निष्कर्ष बघ," त्यांनी वही फिरवली. "भरलेली पंचावन्न. त्यांतले बावीस निवडले गेले. रिकामी अकरा. त्यांत पहिले दोन गेले नाहीत, मग ओळीने नऊ. अकरात नऊ. म्हणजे मी न लिहिलेलं पत्र हे मी लिहिलेल्या पत्राच्या दुप्पट चांगलं आहे." त्यांनी वहीची कड सारखी केली. "पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा मी दोन दिवस रजा घेतली होती."

धाकटीने वहीवर बोट ठेवलं. "आणि मी..."

"तू बारावी. चार पडले, तुझा नंबर चार."

"तीन वर्षं मी तुमच्याकडे काम केलंय, सर."

"त्याचा फाशाशी संबंध नाही. असता तर तो फासा कसला?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं; स्टँड दोनदा निसटला. धाकटी ते बघत उभी राहिली. मग तिने विचारलं, आणि तेही भांडायला नव्हे, तर खरंच माहीत करून घ्यायला. "सर, माणसावर प्रयोग करायचा तर आधी त्याची संमती घ्यायची. तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच आठवड्यात. फॉर्मही भरायला लावलात."

नळीसरांनी वहीकडे पाहिलं, तिच्यातल्या अकरा ओळींवरून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला, चुना लावताना भिंत पडते तसा, वरून खाली.

"हे अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

"त्यांना माहीतच नव्हतं, सर."

"हो. तेही आहे."

ते उठले. जाड हातमोजे चढवून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरशी गेले आणि खालच्या कप्प्यातून एक खोकं काढलं. आत बारा प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीवर नंबर आणि तारीख. त्यातली शेवटची त्यांनी धाकटीपुढे धरली. आत तिचं खरं पत्र होतं, घडी घातलेलं, गोठलेलं आणि गारठ्याने वाफाळणारं.

"ज्याचं ब्लँक जातं, त्याचंही लिहितो मी. फक्त पाठवत नाही."

"पण फ्रीझरमध्ये?"

"नमुना फेकायचा नसतो," नळीसर म्हणाले. हे तिला पटलं, हीच त्यातली गंमत.

त्यांनी ते तिने आणलेल्या त्या कोऱ्या पाकिटात घातलं, चिकटवलं, आडवी सही केली आणि आता दोन्ही पाकिटं तिच्यापुढे ठेवली. "एकच देता येईल. यातलं रिकामं दिलंस तर अकरात नऊ. भरलेलं दिलंस तर पाचात दोन. कुठलं दे हे सांगायचा अधिकार माझा राहिलेला नाही."

धाकटी बाहेर पडली, पण रस्त्याला लागली नाही. ती संस्थेच्या आवारातल्या बाकावर दुपारभर बसून राहिली. भरलेलं पाकीट उन्हात मांडीवर ठेवलेलं. शास्त्र म्हणत होतं, रिकामं दे. शास्त्राने तिला आजवर दगा दिला नव्हता. पण आपण आत गेलो ते आपल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही म्हणून, हे घेऊन पुढची आठ वर्षं कशी काढायची, ते तिला सुचेना. साडेचारला ती उठली. भरलेलंच द्यायचं. मोठ्या साहेबांचे सात कागद, मॅडमचा एक आणि सरांचं खरं.

पत्रकक्षाच्या खिडकीतल्या बाईंनी तिन्ही पाकिटं घेतली आणि एक परत सरकवलं.

"हे काय? हे ओलं आहे."

"फ्रीझरमध्ये होतं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. खिडकीत वीस वर्षं बसून त्यांनी भूकंप, लग्न आणि कुत्रा ही कारणं ऐकली होती. हे नवीन होतं. "जोड बघ, सुटलाय. डिंकाचं पाणी झालंय. उघडलेलं पाकीट मला घेता येत नाही, बाळ. अर्जच बाद होतो."

धाकटीने बघितलं. जोडाचा कागद केळीच्या सालीसारखा मागे वळला होता आणि सरांची सही मधोमध दुभंगली होती. आत कागदांच्या घड्या स्पष्ट दिसत होत्या. पहिल्या ओळीतला एक शब्दही दिसत होता, 'सदर'. तिने झटकन पाकीट उलटं केलं.

"सरांची नवीन सही आणू?"

"पाचला बारा मिनिटं आहेत. आणि नवीन पाकीट हवं तर आतून मागवावं लागतं, त्याला दोन दिवस." बाईंनी आवाज खाली आणला. "मार्गदर्शकाचं दुसरं काही आहे का?"

होतं. तिने पिशवीतून ते काढून दिलं. बाईंनी जोड तपासला, सही तपासली, शिक्का मारला. "हे बघ, किती छान चिकटवलंय," त्या म्हणाल्या.

घरी बाबांनी ओलं पाकीट जोखलं. "अठ्ठावीस ग्रॅम. चार कागद, आणि दोन ग्रॅम पाणी." मग त्यांनी सुटलेल्या जोडाकडे आणि पोरीकडे पाहिलं. "वाचलंस?"

"सही केलीये, न वाचण्याची."

"बरं," बाबा म्हणाले, आणि घरातलं सगळ्यात जड पुस्तक त्या पाकिटावर ठेवून दिलं. ते तीन आठवडे तिथेच होतं. आई त्या पुस्तकावरची धूळ रोज झटकायची, आणि तिनेही वाचलं नाही. निदान ती तसं म्हणाली.

मुलाखतीचं बोलावणं आलं.

लांब टेबल, पाच खुर्च्या, पाण्याचे पाच पेले आणि उमेदवाराला एकही नाही. मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई. ठेंगण्या, पांढऱ्या केसांत पेन्सिल खोचलेली. चौथ्या खुर्चीत एक तरुण डॉक्टर, इस्त्रीचा कोट, टोकदार बूट, नुकतंच नाव झालेलं.

प्रश्न झाले, उत्तरं झाली. मग अध्यक्षबाईंनी फाईल उघडली. "तुझी पत्रं बघितली. संचालकांनी सात पानं पाठवलीत. त्यातली साडेसहा त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीची आहेत. उरलेल्या अर्ध्या पानात तू चौथ्या मजल्यावर काम करतेस एवढं कळतं."

धाकटीला बाबांची तुकवलेली मान आठवली.

"पण मार्गदर्शकांचं पत्र," अध्यक्षबाईंनी ते पाकीट उचललं, उघडून आत सगळ्यांना दाखवलं, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "हे माझ्या हातात आलेलं बारावं. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, घालायचं राहिलं. दुसऱ्या वर्षी वाटलं, वय झालं. तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतका काटेकोर माणूस दर वर्षी सहातलं एकच पाकीट रिकामं कसं पाठवेल? तर ज्याच्याबद्दल लिहायला त्याला शब्द पुरत नाहीत, त्याचं. तेव्हापासून ते एक पाकीट आलं की आम्ही दहापैकी दहा देतो. विचारलं कधी नाही. पत्रं गोपनीय असतात."

उरलेल्या चौघांनी देवळात हलवावी तशी मान हलवली. चौथ्या खुर्चीतल्या डॉक्टरांनी टायची गाठ सारखी केली. "तो तिसऱ्या वर्षीचा मी," ते नम्रपणे म्हणाले. हा नम्रपणा त्यांनी बरीच वर्षं घासूनपुसून ठेवलेला दिसत होता.

धाकटीने मनात सरांची वही उघडली. पहिले दोन गेले नाहीत, मग ओळीने नऊ. वहीत होतं सगळं. सरांनी बेरीज केली, क्रम बघितला नाही. त्यांना वाटलं, पत्रं कुणी वाचत नाही. आणि इथे पाचजण जगातल्या कुठल्याही पत्रापेक्षा जास्त लक्ष देऊन ते रिकामं पाकीट वाचत होते. ब्लँक ब्लँक राहिलंच नव्हतं.

आता नुसतं गप्प बसलं तरी जागा तिची होती. गप्प बसायला कसलंही कौशल्य लागत नाही. तिने चौथ्या खुर्चीकडे पाहिलं, मग अध्यक्षबाईंच्या हातातल्या पाकिटाकडे. घरच्या तराजूतली आडवी दांडी काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

"ते फाशाने ठरतं," ती म्हणाली.

"काय?"

"कुणाचं रिकामं पाठवायचं ते. सर फासा टाकतात. तुम्ही पत्रं वाचता का, ते बघायला." आणि मग तिने सगळं सांगितलं, तराजूपासून फ्रीझरपर्यंत, न थांबता. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सांगून झालं. दुसऱ्या खुर्चीतल्या गृहस्थांनी पाण्याचा पेला तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. अध्यक्षबाईंनी केसांतली पेन्सिल काढली, बघितली, परत खोचली. चौथ्या खुर्चीतल्या डॉक्टरांनी टायची गाठ सैल केली.

"माझ्या वर्षी," त्यांनी विचारलं, "किती पडले होते?"

"वहीत असेल, सर. विचारून सांगेन."

"नको," डॉक्टर म्हणाले. "नकोच."

"आणि ते खरं पत्र?" अध्यक्षबाईंनी हात पुढे केला.

धाकटीने पिशवीतून काढून दिलं. वाळून ते आता पापडासारखं कडक झालं होतं. बाईंनी सुटलेला जोड पाहिला. "तू वाचलंस."

"नाही."

"तीन आठवडे उघडं होतं."

"सही केली होती."

अध्यक्षबाईंनी चारही पानं वाचली, सावकाश. धाकटी त्यांच्या भुवयांकडे बघत राहिली. त्या एकदाही हलल्या नाहीत. वाचून त्यांनी पानं शेजारी सरकवली आणि ती टेबलावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली.

"तुला सांगायला हरकत नाही, सही आता कशाला पुरायची," बाई म्हणाल्या. "चारातली तीन पानं नळ्या धुण्याबद्दल आहेत. तू त्या स्वच्छ धुतेस असं त्यांचं म्हणणं आहे. चौथ्या पानावर ते उदाहरणं देतात."

"हे त्यांच्या दृष्टीने फार आहे," चौथ्या खुर्चीतून आवाज आला. "माझ्या चार वर्षांत माझी एकच नळी त्यांना पसंत पडली होती."

"असेल. पण यावर आम्ही कुणालाच घेतलं नसतं. रिकाम्यावर दहा दिले होते, ते आता खोडावे लागणार." त्यांनी खोडले. पेन्सिलीचा तो आवाज धाकटीला तिच्या हाडांत ऐकू आला. "बाहेर बस."

बाहेरच्या बाकावर ती अर्धा तास बसली. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग सगळे एकदम बोलू लागले, मग पुन्हा काहीच नाही. एकदा 'नऊ डॉक्टर' असं कुणीतरी म्हणालं आणि खुर्ची सरकली. आई असती तर तिने यातलं काहीही न ऐकता सगळं सांगितलं असतं. धाकटीने हात बघितले. थंडगार होते, फ्रीझरमधून काढल्यासारखे.

दार उघडलं आणि अध्यक्षबाई स्वतःच बाहेर आल्या. त्यांनी दार पाठीमागे ओढून घेतलं.

"सत्र एक तारखेला सुरू होतंय. सकाळी आठ. उशीर चालत नाही."

धाकटी उभी राहिली. "पण मॅडम, पत्राचे गुण..."

"पत्राचा रकाना आम्ही या वर्षी सगळ्यांचाच खोडला. त्याशिवाय बेरीज केली, तर तू बारावी येतेस. कशीबशी." बाई जायला वळल्या, मग थबकल्या. इकडे तिकडे कुणी नाही असं बघून त्या एक पाऊल जवळ आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, फाईल उघडली तेव्हासुद्धा नव्हतं इतकं गांभीर्य आलं.

"तुझे वडील," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तो तराजू घेऊन एखाद दिवशी इथे येऊ शकतील का? आमच्या कॅन्टीनमधला केकचा तुकडा दर महिन्याला हलका होतोय, असं मला आपलं वाटतं."